जपून म्हणजे किती?

दसऱ्याच्या सकाळी सोलापुरातल्या कुठल्याही शोरूमसमोर उभं राहिलं की एकच दृश्य दिसतं. गाडीला झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चारी चाकांखाली चार लिंबं. नारळ फुटतो, फोटो निघतात. किल्ली हातात देताना तिथला मुलगा सवयीनं सांगतो, "हजार किलोमीटरपर्यंत जरा जपून चालवा, साहेब." साहेब मान हलवतात. जपून म्हणजे नेमकं काय करायचं, हे तोही सांगत नाही आणि तेही विचारत नाहीत.

घरी आल्यावर सल्ल्यांना तोटा नसतो. काका म्हणतात, साठच्या वर काटा नेऊ नकोस. मेहुणा म्हणतो, आताच्या गाड्यांना असलं काही लागत नाही भाऊजी, बिनधास्त दाबा. गल्लीतल्या मिस्त्रीचं मत तिसरंच असतं: पहिलं ऑइल पाचशेलाच काढून टाका. तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं आहे, फक्त प्रत्येकाचं खरं वेगवेगळ्या काळातल्या गाडीचं आहे.

काकांचं खरं फियाटच्या काळातलं. त्या काळात नव्या किंवा नुकतंच काम झालेल्या गाडीच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन' अशी चिठ्ठी लावायची पद्धत होती. मागच्यांनी हॉर्न मारू नये, गुमान पुढे जावं, हा तिचा अर्थ. या फियाटशी सोलापूरचं नातं आहे. ती बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 साली सोलापूरचा. कंपनी 1944 साली निघाली, कुर्ल्याच्या कारखान्यातून 1947 मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या, पुढे इटलीच्या फियाटच्या. हीच फियाट नंतर पद्मिनी झाली. तिच्या 1089 सीसीच्या इंजिनाला सुरुवातीचे किलोमीटर खरोखरच लाडानं चालवावं लागे. तेव्हा सिलिंडर आणि पिस्टन आजच्याइतक्या काटेकोर मापात बनत नव्हते, ऑइलही साधं असायचं. फिटर गाडीचं रिबोअर, म्हणजे झिजलेल्या सिलिंडरचं काम, करून देताना वेगाची मर्यादा बजावून सांगायचा, कारण मालकानं ती मोडली आणि पिस्टन जाम झाला तर दोष फिटरवरच यायचा.

या सगळ्याच्या मुळाशी काय आहे, ते समजायला इंजिन उघडायची गरज नाही. जात्याची आठवण पुरे.

जातं वापरून वापरून गुळगुळीत झालं की ज्वारी नुसती फिरते, दळली जात नाही. मग टाकी लावणारी बाई यायची. छिन्नी-हातोडीनं ती दोन्ही तळ्यांवर बारीक घाव घालून दगड पुन्हा खरबरीत करायची. टाकी लावलेल्या जात्यावर लगेच घरचं धान्य कुणी दळत नसे. आधी कोंडा किंवा मूठभर टाकाऊ दाणे घालून ते पीठ फेकून द्यायचे, कारण त्यात दगडाची कच असायची. घावांची वरवरची टोकं मोडून पडली की राहिलेल्या खाचा मात्र कितीतरी दिवस काम देत.

इंजिनाच्या सिलिंडरला अशीच टाकी लावलेली असते. कारखान्यात त्या कामाला होनिंग म्हणतात. घासायचे दगड बसवलेलं एक हत्यार सिलिंडरमध्ये गरगर फिरतं आणि त्याच वेळी वर-खाली होतं. त्यामुळे भिंतीवर एकमेकींना छेद देणाऱ्या तिरप्या रेघांची जाळी उमटते. नव्या इंजिनाची भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल असा बहुतेकांचा समज असतो, पण तशी ती मुद्दाम ठेवलेली नसते. आरशावर तेल टिकत नाही. त्या रेघांच्या खाचांमध्ये तेल धरून राहतं आणि पिस्टन त्यावरून सरकतो. खाचा किती खोल? माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड धरला तर या खाचा त्याच्या कितीतरी पट कमी. बोट फिरवून कळायच्या नाहीत.

पिस्टनवर सहसा तीन रिंगा असतात. वरच्या दोन कंप्रेशनच्या, खालची ऑइलची. वरच्या रिंगांनी पेटलेला वायू खाली निसटू द्यायचा नाही आणि ऑइलच्या रिंगेनं जादा ऑइल वर जाऊ द्यायचं नाही. पण नवी रिंग आणि नवी भिंत यांची ओळख झालेली नसते. दोघींवरही सूक्ष्म उंचवटे असतात, आणि रिंग भिंतीला सगळीकडे सारखी न टेकता उंचवट्यांवर उभी असते. इंजिन फिरू लागलं की हे उंचवटे घासून मोडतात, रिंग हळूहळू पूर्ण टेकते आणि जाळीच्या खोल खाचा तेवढ्या शिल्लक राहतात. मिस्त्री याला एका शब्दात सांगतो: रिंगा बसल्या.

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. रिंग भिंतीला दाबून धरतं कोण? तिची स्वतःची स्प्रिंगसारखी ताकद असतेच, पण ती थोडी. खरा दाब देतो तो पेटलेला वायू. स्फोटाच्या वेळी तो पिस्टनच्या कडेनं रिंगेच्या मागच्या खोबणीत शिरतो आणि रिंगेला आतून बाहेर, भिंतीकडे रेटतो. म्हणजे इंजिनावर थोडा भार असेल तरच रिंग नीट दाबली जाईल आणि नीट बसेल. गाडी सारखी कुरवाळत, अ‍ॅक्सिलरेटरला जेमतेम अंगठा टेकवत चालवली तर दाबच तयार होत नाही. रिंगा अर्धवट टेकतात, ऑइल वर जाऊन जळतं आणि त्याची चिकट, काचेसारखी पापुद्री भिंतीवर चढत जाते. जाळीच्या खाचा बुजतात. एकदा त्या बुजल्या की पुढे कितीही जपा, इंजिन ऑइल पीतच राहतं. मंगल कार्यालयांच्या मागे जवळजवळ बिनभाराचे तासनतास घुरघुरत राहणारे डिझेल जनरेटर काळा, तेलकट धूर सोडताना दिसतात, त्यामागेही हलक्या भारावरचं हे अर्धवट जळणं असतं.

तेव्हा काकांची साठची मर्यादा तंतोतंत पाळणारा माणूस गाडीचं भलं करत असतोच असं नाही. पण म्हणून मेहुण्याचं ऐकून पहिल्याच दिवशी पेडल तळाला लावायचं का? तेही नको. उंचवटे मोडताना उष्णता निर्माण होते, आणि ती एकदम वाढली तर धातू घासून मोडण्याऐवजी ओरबाडला जातो. पिस्टन सिलिंडरच्या दोन टोकांना क्षणभर थांबून दिशा बदलतो. त्या क्षणी त्याचा वेग शून्य असतो आणि रिंगेखालचा तेलाचा थर सगळ्यात पातळ झालेला असतो. वरच्या टोकाला तर समोरच स्फोट पेटलेला. सिलिंडर सगळ्यात जास्त झिजतो तो तिथेच. हे थांबणं किती वेळा? गाडी ताशी 60 किलोमीटरनं चालली तर हजार किलोमीटरला हजार मिनिटं लागतात. इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल, तर हजार किलोमीटरमध्ये वीस लाख फेरे होतात, आणि प्रत्येक पिस्टन चाळीस लाख वेळा थांबून वळतो. यातली रिंगा बसवणारी बरीचशी झीज पहिल्या काही तासांतच होऊन जाते, पुढचे किलोमीटर उरलेली कसर काढतात. पण ते पहिले तास तुमच्या हाती पूर्णपणे येतातच असं नाही. कारखान्यातून ट्रेलरवर, ट्रेलरवरून यार्डात, यार्डातून शोरूमला, आणि मग नंबर प्लेटसाठी. किल्ली हातात येते तेव्हा मीटरवर काही किलोमीटर आधीच पडलेले असतात. गार इंजिनाला यार्डातल्या पोरानं किती रेस दिली, हे त्याला कोण विचारणार?

यात मेहुण्याचं खरं कुठे आहे, तेही पाहू. आज बऱ्याच कारखान्यांत होनिंग एकदा करून थांबत नाहीत. आधी जाड दगडांनी खोल रेघा पाडतात, मग बारीक दगडांनी त्या रेघांची फक्त टोकं कापून सपाट करतात. म्हणजे टाकी लावणाऱ्या बाईनंच पहिली कोंड्याची दळणी करून जातं हाती द्यावं, तसं. त्यावर सुधारलेलं ऑइल, नेमकी मापं, संगणकावर चालणारं इंधन. पूर्वी इंजिन पेट्रोल घालून चालवून तपासायचे. आता अनेक ठिकाणी इंजिनात इंधन न घालता ते विजेच्या मोटरनं फिरवतात आणि ते किती जोर मागतं, कुठे अडखळतं यावरून दोष ओळखतात. त्यामुळे मालकाच्या वाट्याला उरलेलं काम पूर्वीपेक्षा कितीतरी कमी आहे. पण ते शून्य झालेलं नाही, आणि याचा पुरावा तुमच्याच गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, बहुधा न उघडलेला पडलेला असतो.

तो पुरावा म्हणजे गाडीबरोबर आलेली पुस्तिका. मारुतीच्या पुस्तिकेत जपून चालवायची मुदत 960 किलोमीटर दिलेली आढळते. हजार नाही, नऊशे नाही, 960. विचित्र वाटतो हा आकडा, पण तो सरळ 600 मैलांचा गुणाकार आहे. त्या काळात काय करायचं आणि काय नाही, हे तिथे सांगितलेलं असतं: इंजिन उगाच रेस करू नका, थांबलेल्या जागेवरून एकदम पूर्ण पेडल दाबून सुटू नका, फार वेळ एकाच वेगानं चालवू नका, वरच्या गिअरमध्ये हळू चालवू नका, मागे ओढायचं काही जोडू नका. पहिल्या 320 किलोमीटरमध्ये जोराचे ब्रेक टाळा. कारण ब्रेकचे पॅड आणि डिस्क यांनाही एकमेकांवर बसायला वेळ लागतो. टायरही पहिल्या काही किलोमीटरमध्ये थोडे निसरडे असतात. साच्यातून सुटताना लागलेला थर रस्त्यावर घासून जायचा असतो.

या सूचनांमध्ये "ताशी 60" कुठेच नाही, हे लक्षात घ्या. जोर आहे तो बदलत्या वेगावर. एकाच वेगानं, एकाच फेऱ्यावर चालवलं तर रिंगा, बेअरिंग, गिअरचे दाते एकाच दाबाखाली एकाच तऱ्हेनं घासले जातात. वेग वाढला-घटला की दाब बदलतो. पाय सोडला की सिलिंडरमध्ये ओढ तयार होते आणि थोडं तेल वर येऊन भिंतीला लागतं. पुन्हा पाय दिला की रिंग दाबली जाते. दाब आणि वंगण आलटून पालटून मिळणं, हीच खरी गंमत आहे.

सोलापूरकरांच्या सुदैवानं आपली पहिली यात्रा या कामाला अगदी जुळते. नवी गाडी सिद्धेश्वराच्या दारात नेऊन आणली की पुढचा मुक्काम बहुधा तुळजापूर. एका बाजूनं 45 किलोमीटर. शहरातून बाहेर पडताना सात रस्त्यासारख्या चौकांत थांबत-सुटत, पुढे मोकळा रस्ता, आणि शेवटी तुळजापूरच्या अलीकडे घाट. चढाला तिसरा गिअर टाकून इंजिनाला दोन ते तीन हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवलं की रिंगांना हवा तो दाब मिळतो. घाट उतरताना गाडी गिअरमध्येच ठेवून पाय सोडला की तेल मिळतं. गाडी न्यूट्रलमध्ये उतरवणाऱ्यांनी हा फायदा गमावलाच, वर ब्रेकही तापवले. जाऊन-येऊन 90 किलोमीटर झाले. त्यात अक्कलकोट आणि पंढरपूर जोडलं, मंगळवेढ्याला पाहुण्यांकडे एक चक्कर झाली, की मुदतीचा चांगला हिस्सा देवदर्शनातच संपतो.

याउलट पुण्याचा रस्ता. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, सरळसोट चौपदरी. अडीचशे किलोमीटर पाचव्या गिअरमध्ये काटा शंभरवर खिळवून ठेवावा असा मोह होतो. पहिल्या आठवड्यात तिकडे जावंच लागलं तर जा, गाडी काही बिघडत नाही. फक्त क्रूझ कंट्रोल बंद ठेवा, कधी ऐंशी, कधी पंच्याण्णव असा वेग बदलत राहा आणि मध्ये चहाला थांबा.

आणि उन्हाळ्याचं काय? मे महिन्यात पारा 42-43 वर गेला की लोकांना नव्या इंजिनाची काळजी वाटते. इंजिनात थर्मोस्टॅट असतो. बाहेर थंडी असो वा ऊन, पाण्याचं तापमान नव्वद अंशांच्या आसपास ठेवणं हे त्याचं काम. उलट गार इंजिन सुरू करणं हेच झिजेचं मुख्य कारण, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात इंजिन कधी फारसं गार होतच नाही. खरी भीती उन्हाची नाही, सावलीची आहे. लग्नाच्या हॉलबाहेर झाडाखाली गाडी लावून, एसी सुरू ठेवून, आत चौघे जण तासभर गप्पा मारत बसतात. इंजिन तासभर रिकामं फिरतं. दाब नाही, नुसतं फिरणं. नव्या गाडीला याच्यासारखा वाईट दिनक्रम दुसरा नाही. त्यापेक्षा हॉलमध्ये जाऊन जेवून घ्यावं.

आता इंजिनातला आणखी एक भाग, ज्याचा सोलापूरशी पत्ता जुळतो. कॅमशाफ्ट. इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा हा उंचवट्यांचा दांडा. इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, दोन फेऱ्यांत त्याचा एक फेरा होतो. 1992 साली सोलापुरात सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई अशांसाठी हे दांडे बनवत आली आहे. अक्कलकोट रोड आणि चिंचोळीच्या एमआयडीसीत तिचं काम चालतं. होटगी रस्त्याला किर्लोस्कर फेरसची फाउंड्री आहे, तिथे सिलिंडर ब्लॉक आणि हेडची ओतकामं होतात. चादरीच्या गावात बिडाच्या लोखंडाचंही एवढं मोठं काम चालतं, हे बाहेरच्यांना सांगितल्यावर त्यांना खरं वाटत नाही.

बीडच का, याला कारण आहे. या लोखंडात ग्रॅफाइटच्या बारीक पाकळ्या असतात. त्या स्वतः वंगणासारखं काम करतात आणि तेलही धरून ठेवतात. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा असला तरी आत सिलिंडरला बहुधा बिडाचीच नळी बसवतात. कॅमशाफ्ट ओततानाची युक्ती तर पाहण्यासारखी. साच्यात जिथे कॅमचे उंचवटे येणार, तिथे धातूचे तुकडे ठेवतात. वितळलेलं लोखंड त्यांना टेकताच झटकन गार होतं आणि तेवढा पृष्ठभाग काचेसारखा कठीण बनतो. आतला गाभा मात्र सावकाश निवून मऊ राहतो. वरून कठीण, आतून चिवट.

जुन्या धाटणीच्या इंजिनात हा कॅम व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या टॅपेटवर थेट घासत फिरतो, आणि त्याची पहिली वीस-तीस मिनिटं रिंगांइतकीच नाजूक असतात. गंमत अशी की त्यांना हळू चालणं अजिबात मानवत नाही. कॅमवर तेल पोचतं ते मुख्यतः क्रँकशाफ्टच्या फिरण्यानं उडणाऱ्या शिंतोड्यांतून. फेरे कमी तर शिंतोडे कमी. म्हणून अशा इंजिनाचं काम केल्यावर जाणता फिटर पहिल्यांदा सुरू करताच त्याला आयडलवर सोडत नाही, दीड-दोन हजारांवर वीसेक मिनिटं धरतो. बघणाऱ्याला वाटतं, नव्या कामाची वाट लावतोय. आजच्या बऱ्याच गाड्यांत कॅमखाली रोलर असल्यानं ही अडचण राहिलेली नाही.

जिल्ह्यात खरं तर याहून जास्त महत्त्वाचं इंजिन ट्रॅक्टरचं. ऊस तोडणीच्या तोंडावर नवा ट्रॅक्टर घ्यायचा आणि पहिल्याच आठवड्यात त्याला उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याच्या वाटेला लावायचं, हे दर हंगामात दिसतं. हप्ता सुरू झालेला असतो, त्यामुळे मालकाचंही चुकतं असं म्हणवत नाही. ट्रॅक्टरचा हिशेब किलोमीटरचा नसून तासांचा असतो, पहिली सर्व्हिस साधारण 50 तासांना. तेवढे तास आधी नांगरटीपेक्षा हलकी कामं, मग एक ट्रॉली, मग दोन, एवढा क्रम जमला तरी पुष्कळ.

राहता राहिला मिस्त्रीचा सल्ला, पहिलं ऑइल लवकर काढायचा. कारमध्ये बहुतेक कंपन्यांची पहिली सर्व्हिस हजारला असते, पण तीत ऑइल बदलतातच असं नाही. ते पुढे बऱ्याच किलोमीटरनंतर बदलायचं असतं. झिजेचे कण फिल्टर अडवतो, त्यामुळे पुस्तिकेतली मुदत पाळली तर काही बिघडत नाही. ज्याला मनाची समजूत घालायची आहे त्यानं हजारला बदलावं, फक्त ग्रेड तोच ठेवावा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पहिल्या महिन्यात दर रविवारी सकाळी, गाडी सपाट जागी आणि इंजिन गार असताना, डिपस्टिक काढून पाहणं. नव्या इंजिनानं सुरुवातीला थोडं ऑइल घेणं स्वाभाविक आहे. रिंगा बसतील तसं ते कमी होत जायला हवं.

मोटरसायकलचं मात्र वेगळं. तिच्यात इंजिन, क्लच आणि गिअर हे तिघंही सहसा एकाच ऑइलमध्ये भिजलेले असतात. रिंगांची झीज, गिअरच्या दात्यांची झीज, क्लच प्लेटचा भुगा, सगळं एकाच भांड्यात येतं. म्हणून तिथे कंपन्या स्वतःच पहिलं ऑइल काहीशे किलोमीटरला बदलायला सांगतात. एखाद्या गॅरेजसमोर ते काढताना कधी उभे राहून पाहा. ट्रेमध्ये पडलेलं ऑइल अजून पुरतं काळंही झालेलं नसतं. ट्रे थोडा कलता करून उन्हाकडे धरला की त्यात बारीक चंदेरी चमचम हलताना दिसते. मिस्त्री ती पाहतो, काही बोलत नाही आणि ट्रे जुन्या ऑइलच्या डब्यात रिकामा करतो. टाकी लावलेल्या जात्याचं पहिलं पीठ ते.